इंदूताईंचे बटाटे आणि गराजमधला दुसरा फ्रिज

घरच्या बागेतले बटाटे हिवाळाभर कसे टिकवायचे, हे लोकांना फोनवर सांगण्याचा मला पगार मिळत असे. हे वाक्य मी पुण्याच्या नातेवाइकांत उच्चारलं की कुणीतरी समजूतदारपणे विचारतं, "बरं, आणि मुख्य काम काय होतं?" अहो, हेच! आमच्या घरात नवरा सॉफ्टवेअरमध्ये, दीर सॉफ्टवेअरमध्ये, भाचा हार्डवेअरमध्ये, आणि मी बटाट्यांत. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना दोनदा विचारून घेतलं की तुम्हांला नक्की मीच हवी आहे ना.

इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आमच्या काउंटीची, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याची, एक बागकाम सल्ला कचेरी होती. परसात काहीही लावणाऱ्याने फोन करावा किंवा रोगट पान पिशवीत घालून काउंटरवर आणावं, आणि फुकट सल्ला घेऊन जावा. मी पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. लग्नानंतर इथे आले, मुलं मोठी होईपर्यंत घरी बसले, आणि दोन हजार एक साली या कचेरीत चिकटले. गुलाब, टोमॅटो, हिरवळ ही मानाची खाती आधीच वाटली गेली होती. ऑक्टोबर ते मार्च जे फोन येत त्यांना कुणी वाली नव्हता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नि म्हणाले, "शैला, यू टेक पोटॅटोज." घेतले बाई.

धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जमिनीतून काढलेला बटाटा मेलेला नसतो. तो झोपलेला असतो, श्वास घेत असतो, आणि आपलं काम एवढंच की त्याची झोप मोडू द्यायची नाही. काढल्यावर धुवायचा नाही, माती नुसती झटकायची. पंधराएक दिवस अंधाऱ्या, हवेशीर, जरा उबदार जागी पसरून ठेवायचा, म्हणजे साल जून होते आणि खुरप्याच्या जखमा भरून येतात. मग गार अंधारात हलवायचा. गार म्हणजे आपल्याला स्वेटर घालावासा वाटेल इतकं गार, त्याहून जास्त नाही. उजेड लागला की बटाटा हिरवा होतो, आणि हिरवा बटाटा पोटात जाऊ द्यायचा नसतो. शेजारी सफरचंदं ठेवली की त्याला लवकर कोंब फुटतात, आणि आमच्या वॉशिंग्टन राज्यात सफरचंदं नसलेलं गराज शोधून सापडायचं नाही. संपलं शास्त्र. एवढ्यावर मी सात वर्षं काढली, कारण लोक.

एक नीलेश म्हणून नागपूरचा मुलगा होता. भाड्याच्या घराच्या बाल्कनीत त्याने कुंड्यांमध्ये बटाटे लावले, चार-पाच किलो निघाले, आणि आनंदाच्या भरात त्याने ते काचेच्या खिडकीत वेताच्या टोपलीत मांडून त्यांचे फोटो घरी पाठवले. तीन आठवड्यांनी फोन. "मावशी, माझे बटाटे हिरवे होऊन राहिले. ऑरगॅनिक आहेत म्हणून का?" म्हटलं, अरे बाबा, ते शोभेचे नाहीत, अंधारात ठेव! तर म्हणतो, "पण मग दिसणार कसे यार?" त्याचे निम्मे बटाटे मी फेकायला लावले. त्याला इतकं वाईट वाटलं की पुढच्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं आणि मुद्दाम बटाट्याची भाजी केली नाही.

आपल्या लोकांची एक खोड तर मला फोन उचलताच कळायची. "कांदेबटाटे कुठे ठेवू?" असा प्रश्न आला की समजावं, मराठी घर. आपल्याकडे एकाच जाळीच्या टोपलीत वर कांदे नि खाली बटाटे हे लग्नाच्या जोडप्यासारखं धरूनच चाललेलं असतं. अहो, बटाट्याच्या ओलाव्याने कांदा सडतो, आणि सडका कांदा बटाट्याला घेऊन बुडतो. मी हे निदान दोनशे घरांना तरी सांगितलं असेल. ऐकलं किती जणांनी? माझ्या स्वतःच्या नवऱ्यानेसुद्धा नाही. एक जोडपं तर बटाटे भांड्यांच्या साबणाने धुऊन हेअर ड्रायरने वाळवून मोकळं झालं होतं. त्यांची स्वच्छता वाखाणण्याजोगी होती, बटाटे मात्र नाताळच्या आत गेले.

अमेरिकन गिऱ्हाइकांत माझे लाडके ओल्सन आजोबा. उंच, वाकलेले, ऐकायला कमी. त्यांनी एक बंद पडलेला जुना फ्रिज अंगणात उताणा पुरला होता, दार आकाशाकडे. त्याच्या दाराची कुलपं काढलेली, वर पेंढा, त्यावर ताडपत्री. त्यात त्यांचे बटाटे मार्चपर्यंत ताठ राहत. फ्रिज बंद, बरं का, ऊब-गारवा सगळा जमिनीचा. दर नोव्हेंबरात ते रुमालात बांधून एक बटाटा आणायचे, माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "फील इट." मी चाचपून मान डोलवायची. सल्ला त्यांना कधीच नको असे. शाबासकी हवी असे, आणि ती द्यायला मला आवडे.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले, त्या इंदूताई.

इंदूताई सांगलीच्या. त्यांचे यजमान आधीच गेलेले. पुढे पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा त्यांच्या मुलाने, अनिरुद्धने, त्यांना उचलून बेलव्ह्यूला आणलं. मुलगा गुणी. सूनही चांगली. आठ वर्षांची रिया नावाची नात, आजीच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देणारी. पण बाईंना गाडी येत नव्हती, फोनवरची इंग्रजी कळत नव्हती, आणि घरात करायला कुणी काही देत नव्हतं. "आई, तू बस गं, मी करतो," असं अनिरुद्ध दिवसातून दहा वेळा म्हणे. एकदा मंडळाच्या कार्यक्रमात त्या मला म्हणाल्या, "शैला, मला इथं पाव्हणी करून ठेवलंय बघ. पाव्हण्यानं किती दिवस राहायचं?" सांगलीचं घर दुरुस्त होऊन कुलूपबंद होतं, किल्ली शेजाऱ्यांकडे होती, आणि त्यांचं मन त्या किल्लीत होतं.

पहिल्या वसंतात सुनेच्या ओट्याखाली काही बटाट्यांना कोंब आले. सून फेकायला निघाली. "कोंब आलेलं टाकायचं नसतं," म्हणून इंदूताईंनी ते काढून घेतले, आणि सगळे ऑफिसला गेल्यावर मागच्या अंगणातली अनिरुद्धची जिवापाड जपलेली हिरवळ उकरून लावून टाकले. उकरलं कशाने? सांगलीहून सामानात आणलेल्या खुरप्याने! "साड्यांत गुंडाळून आणलं. मोकळ्या हातानं परगावी जाऊ नये," हे वर स्पष्टीकरण. अनिरुद्धने मला फोन केला, "शैलामावशी, आईने लॉन खोदलं, आता काय करू?" म्हटलं, पाणी घाल. दुकानातले बटाटे बियाण्याला वापरू नयेत हे मला इंदूताईंना सांगायचं होतं. पण त्या दिवशी त्यांचा फोनवरचा आवाज मी पहिल्यांदा मोकळा ऐकला, म्हणून गप्प बसले. देवकृपेने रोगबिग काही आला नाही.

सप्टेंबरात चार मोठी खोकी भरून बटाटे निघाले. मी स्वतः जाऊन दाखवलं, पसरा कसे, झाका कसे. ओल्सन आजोबांच्या पुरलेल्या फ्रिजचं सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, "अगं, हे तर पेव! आमच्याकडं हळद जमिनीत खड्डा करून अशीच ठेवतात." मी आजोबांना ते सांगितलं. त्यांनी तो शब्द तीनदा विचारून घेतला, आणि पुढे आपल्या फ्रिजला ते 'माय पेव' म्हणू लागले.

इंदूताईंनी खोकी गराजच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली. बेलव्ह्यूचं गराज म्हणजे बटाट्याला हवा तसाच गारवा. रोज एकदा जाऊन त्या बटाटे चाळत, नरम पडलेला एखादा वेगळा काढत. आणि दिवाळीनंतर मंडळाच्या बैठकीत, जिथे त्या एरवी तोंड उघडत नसत, तिथे उभ्या राहून म्हणाल्या, "महाशिवरात्रीच्या फराळाला बटाट्याचा कीस माझ्याकडं. सगळ्यांना पुरेल एवढा. माझ्या घरच्या बटाट्यांचा." अनिरुद्ध कुजबुजला, "आई, ऐंशी माणसं असतात! आपण होलसेलमधून पोती आणू ना." त्यांनी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ह्या देशात त्यांनी चारचौघांत दिलेला तो पहिला शब्द होता.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी त्यांचा मला फोन आला. "शैला, येतेस का? लगेच नको. पण आजच ये."

गेले. ओट्यावर कढई, कढईत कीस. एकादशीला त्यांनी घरच्यापुरता करून पाहिला होता. तूप-जिरं, मिरची, दाण्याचं कूट, सगळं यथासांग, आणि रंग मात्र चिंचेच्या कोळासारखा. मी चमचाभर तोंडात टाकला. गोड! रताळ्याचा म्हणून खपला असता. "आय लाइक इट, आजी!" एवढा एकच अभिप्राय चांगला आला होता, रियाचा.

इंदूताई खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. "मातीच वेगळी गं इथली," त्या म्हणाल्या. "दिसायला बटाटा, चवीला भलतंच. इथलं काही आपलं व्हायचं नाही. मी अन्याला सांगितलंय, एप्रिलचं तिकीट बघ. मंडळात तू सांग, इंदूताईंना जमत नाही म्हणून."

बाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच मला जड गेलं. पण इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून धंद्याचाच प्रश्न निघाला. "बटाटे कुठे आहेत?"

"आत गराजात. फ्रिजमधे."

"फ्रिजमध्ये?"

अमेरिकेतल्या मराठी घराची खरी खूण तुळशीवृंदावन नाही, गराजमधला दुसरा फ्रिज आहे. पाहुण्यांचे पराठे, मंडळाचं श्रीखंड, कुणाच्या बारशाचा उरलेला केक, सगळं तिथे. डिसेंबरात आई रोज त्या गारठ्यात जाऊन बटाटे चाळते, हे अनिरुद्धला बघवेना. गार जागी ठेवायचे म्हणतात ना, मग फ्रिजइतकी उत्तम गार जागा कोणती? एका शनिवारी त्याने तो अख्खा फ्रिज रिकामा केला, पुसला, चारही खोक्यांतले बटाटे कप्प्याकप्प्यांत लावले आणि आईला हात धरून दाखवायला नेलं. तिने चाळायला जायची गरजच उरली नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी सांगितलं, "अरे, बटाट्याला अति थंडी लागली की तो आतल्या पिठाची साखर करतो. जीव वाचवायला. ती साखर कढईत काळी पडते. बटाट्याची काही चूक नाही, फ्रिजची आहे."

अनिरुद्धचं तोंड इतकंसं झालं. "ओह नो. मावशी, मी तर आईला त्रास नको म्हणून..."

"म्हणजे माती चांगली आहे?" इंदूताईंनी मध्येच विचारलं.

"माती उत्तम आहे, इंदूताई."

त्या उठल्या आणि कढई घासायला घेतली. मुलाला रागावल्यासुद्धा नाहीत. मला वाटतं, रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आता उपाय. झोप मोडू न देता बटाट्याला पुन्हा उबेत आणलं, अंधारात दोन-तीन आठवडे ठेवलं, तर तो ती साखर बरीचशी पुन्हा मोडतो. बरीचशी. सगळीच नाही, आणि सगळे बटाटे तर नाहीच नाहीत. काही हट्टी निघतात, काही म्हातारे. मी हे तसंच सांगितलं. फोनवर मी कुणाला खोटा धीर कधी दिला नाही, आणि इंदूताईंना तर मुळीच दिला नसता. महाशिवरात्रीला तीन आठवडे होते. "बघू," त्या म्हणाल्या. "नाहीतर तिकीट आहेच."

जिन्याखालच्या कपाटातून अनिरुद्धने व्हॅक्यूम क्लीनर, सूटकेसा, स्कीच्या काठ्या, सगळं बाहेर काढलं. बटाटे आत गेले, वर जुनी चादर. मोठ्या गोदामांत करतात ती परीक्षा मी त्यांना शिकवली: बटाट्याची पातळ चकती कापायची, तळायची, रंग बघायचा. दर रविवारी मी जायची. पहिल्या रविवारी चकत्या काळ्या. दुसऱ्या रविवारी तांबूस, पण चवीला अजून गोडच. अनिरुद्ध कढईपाशी उभा राहून परीक्षेच्या निकालासारखं बघत असे. "मावशी, मोर टाइम लागेल का? आपण हीटर लावू का?" म्हटलं, तू कशालाही हात लावू नकोस, बाबा! तिसऱ्या रविवारी चार चकत्या तळल्या. तीन सोनेरी, एक कोळसा. इंदूताई त्या चौथीकडे बघत राहिल्या. "कुठला काळा पडणार, ते बाहेरून कळत नाही की."

"नाही कळत," मी म्हटलं.

मग त्यांनी जे केलं ते आमच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. महाशिवरात्रीच्या सकाळी प्रत्येक बटाट्याची एक चकती कापली, तळली, आणि तो बटाटा घ्यायचा की नाही ते ठरवलं. प्रत्येक बटाट्याची! मी रजा टाकली होती. मी कापत होते, त्या तळत होत्या, सून किसत होती, अनिरुद्ध कीस पाण्यात धुऊन पिळत होता. नापास बटाट्यांचा ढीग वाढत गेला तशी मी उरलेले बटाटे पुन्हा पुन्हा मोजायला लागले. तिकडे मंडळात मी बोलून बसले होते की इंदूताईंचं नक्की आहे. शेवटी पास झालेल्यांच्या किसाने दोन मोठी पातेली कशीबशी भरली, बाकीचे रियाच्या पदरात.

हॉलमध्ये झाकण काढलं तेव्हा वाफ आली आणि लोक ताटं घेऊन पुढे आले. इंदूताई वाढायला उभ्या, हातात डाव, ओठ घट्ट मिटलेले. पहिल्याच रांगेत पुण्याच्या एक बाई होत्या, मंडळातल्या खाण्याच्या न्यायाधीश. यांनी नाक मुरडलं की तो पदार्थ मेला. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले. माझ्या जिभेला मगाशीच कळलं होतं की अगदी पुसट गोडवा अजून राहिलाय. झालं, म्हटलं, आता लागला निकाल!

"इंदूताई," त्या म्हणाल्या, "चिमूटभर साखर घातलीत ना? कित्ती बरोबर! आमच्याकडे अस्साच करतात. सांगलीच्या लोकांना हे माहीत असेल असं वाटलं नव्हतं मला."

इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्या पुण्याच्या बाईंना अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "घ्या की अजून," आणि डावभर जास्त वाढलं. पातेली पुसून निघाली.

कचेरीतला तो फोन दोन हजार आठ साली बंद झाला. मंदी आली, आणि पहिली कुऱ्हाड बटाट्यांवर पडली. लोक आता इंटरनेटवर विचारतात, आणि तिथे उत्तर देणारा बटाटे कुठे ठेवलेत ते उलट विचारत नाही. ओल्सन आजोबा शेवटच्या नोव्हेंबरात रुमाल घेऊन आले तेव्हा माझं टेबल आवरलेलं होतं. उभ्या उभ्या चाचपून मी मान डोलवली. त्याची हळहळ आहे, ती लपवत नाही.

पण महाशिवरात्रीनंतरचा तो रविवार मला राहून राहून आठवतो. परीक्षा संपली होती, तरी सवयीने मी इंदूताईंकडे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, अगदी उजेडात, बुटांच्या खोक्यात बटाटे मांडलेले होते, कोंब वर करून. उबेत राहून ज्यांची झोप मोडली होती, आणि म्हणून किसाला घेतलेच नव्हते, ते. मी काही विचारणार, तेवढ्यात अनिरुद्ध आत आला आणि ओरडलाच.

"आई! लाइटमध्ये नको ठेवू! हिरवे होतील, मग खाता येणार नाहीत!"

"होऊ देत हिरवे," इंदूताई म्हणाल्या. "खायचे नाहीत ते. लावायचे आहेत."

एजंटला तिकिटाचं हो कळवायचं अजून राहिलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्याने जरा घाबरतच विचारलं, "कधी लावायचे?"

"एप्रिलात."

"आणि मग... काढायचे कधी?"

"सप्टेंबरात. का? तू काढणार आहेस? तुला खुरपं कुठून धरायचं ते ठाऊक नाही." त्यांनी एक बटाटा उचलून त्याचा कोंब जरा उजेडाकडे वळवून ठेवला. "आणि आधी तो गराजमधला फ्रिज विकून टाक."